डोळा लवला, आलेख हलला

बिदर जिल्ह्यातल्या राजेश्वरहून ईईजीसाठी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीसाठी, कलबुर्गी किंवा सोलापूर गाठलंत, तर तंत्रज्ञ बजावतो: डोळे मिटा, हलवू नका. कारण डोळा म्हणजे छोटी बॅटरीच. पुढचं पारपटल धन, मागचं दृष्टिपटल ऋण. पापणी लवली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर 100 मायक्रोव्होल्टहून मोठी लाट उठू शकते. मेंदूच्या लहरी बहुधा याहून लहान. नवख्याला तो आजारच वाटावा!

पूर्वी संशोधक आलेखाचे असे तुकडे सरळ टाकून देत. 1983 मध्ये ग्रॅटन, कोल्स आणि डोंचिन यांनी डोळ्यांजवळच्या इलेक्ट्रोडवरून ही भेसळ मोजून वजा करण्याची पद्धत मांडली. त्यात मेंदूचाही थोडा संकेत जातो, हे तिचं दुखणं. हल्ली संगणक मिसळलेले संकेत सुटे करून डोळ्यांचा तेवढा वगळतो.

आणि तुम्ही तपासणीला जाणार असाल, तर आधी केस धुवा, तेल लावू नका.