साखळीत उभी राहिलेली मुलगी

ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, सुतळीने तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधेमोड करत थरावर थर रचायचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या सात दिवसांच्या शिबिराचं ते मुख्य श्रमदान होतं आणि मी कार्यक्रम अधिकारी होतो. आमचा विद्यार्थी प्रतिनिधी सकाळपासून भरलेल्या गोण्या खांद्यावर घेऊन काठावरून पात्रात उतरत होता. दुपारपर्यंत बाकीची दहा-बारा मुलं बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याचे हात सोलवटले होते. म्हणाला, "सर, कुणी कामच करत नाही."

त्याची तळमळ खरी होती. पण आदल्या रात्रीच्या बैठकीत मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो की, नेता असावा तर असा, सगळं अंगावर घेणारा. विद्यार्थी नेतृत्वाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज त्या रात्री मीच पसरवला होता. सेवाभावी नेता म्हणजे सगळ्यांचं काम एकट्याने ओढणारा, असं आपण मुलांना सांगतो. मग ती राबतात, दमतात आणि शेवटी सोबत्यांवर चिडतात.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक गटातली एक मुलगी श्रमदानाला आली. तिने आधी गोणीला हात लावला नाही. सावलीतल्या प्रत्येकाजवळ जाऊन विचारलं, "तुला काय जमेल?" एकाची पाठ दुखत होती, त्याला शिवायला बसवलं. एकीला पाण्याची भीती वाटत होती, ती वाळूच्या ढिगाकडे गेली. मग हाताच्या अंतरावर सगळ्यांना उभं करून तिने साखळी केली आणि काठाचा उतार जिथे निसरडा होता, नेमकी तिथे स्वतः उभी राहिली. तिने एकटीने उचललेल्या गोण्या आदल्या दिवशीच्या मुलापेक्षा कितीतरी कमी भरल्या असत्या. बंधारा मात्र दिवस मावळायच्या आत पाण्याच्या वर आला.

रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी जे लिहिलं, ते मला त्या काठावर नीट कळलं. हे गृहस्थ अमेरिकेतल्या एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत जवळपास चाळीस वर्षं होते. 1970 साली त्यांनी एका निबंधात 'सेवक हाच नेता' ही कल्पना मांडली. त्यांची कसोटी नेत्याने किती घाम गाळला ही नाही. ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, अधिक शहाणी, मोकळी आणि स्वतंत्र झाली का, पुढे तीही इतरांसाठी उभी राहतील का, हे ते विचारतात. शिवाय समाजातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचं त्यात काय झालं, हेही तपासायला सांगतात.

ही कल्पना त्यांना हरमान हेस्से यांच्या 1932 सालच्या एका कादंबरीवरून सुचली. तिच्यातला लिओ प्रवाशांचं सामान वाहतो, त्यांची सेवा करतो. तो नाहीसा होतो आणि जथा विस्कटतो. पुढे कळतं की ज्या संघाने हा प्रवास काढला, त्याचा प्रमुख लिओच होता. लोक यातून एवढाच अर्थ काढतात की त्याच्यावाचून सगळं अडलं, म्हणून तो थोर. मला मात्र विद्यार्थ्यांना उलटं सांगावंसं वाटतं. तुमचं पद एका वर्षाचं असतं. जूनमध्ये नवी तुकडी येते. तुम्ही गेल्यावर काम थांबलं, तर तुमच्या सेवेत काहीतरी राहून गेलं.

'हे तर परदेशी मॅनेजमेंटचं खूळ,' असं काही सहकारी म्हणतात. शब्द तिकडचा असेल, रीत आपल्याकडे आधीपासून आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. एवढं देऊनही त्यांनी मुलांना नुसतं पोसलं नाही. 'कमवा आणि शिका' म्हणत त्यांच्या हाताला काम दिलं आणि त्यांना स्वतःच्या पायावर उभं केलं.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. सेवाभावी म्हणजे गोड बोलणारा, कुणाला 'नाही' न म्हणणारा. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडत. पण रात्रीच्या कीर्तनात तेच बाबा कर्ज काढून केलेले सण, दारू, देवापुढे कापलेला बोकड यांवर लोकांना तोंडावर प्रश्न विचारत. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेतही अशी वेळ येते. तिथे दोन वर्षांत 240 तासांचं काम भरावं लागतं. डिसेंबर आला की एखादा मित्र हमखास येतो, "यार, माझे तास तूच भरून टाक ना." तिथे नकार देणं जड जातं, मैत्री पणाला लागते. पण खोटी नोंद केली, तर जी मुलगी पहाटेची एसटी धरून प्रत्येक श्रमदानाला आली, तिच्यावर तो अन्याय होतो. नकार देऊन त्याच मित्राला "रविवारी माझ्यासोबत चल" म्हणणारे प्रतिनिधी मी पाहिले आहेत. मला त्यांचा अभिमान वाटतो.

आणि पद नसेल तर? 1994 च्या विद्यापीठ कायद्याखाली आपल्याकडे वर्गप्रतिनिधी परीक्षेतल्या गुणांवर नेमले जात. 2016 च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद आली. या दोन्ही वाटांनी पद मिळतं, एवढंच. ती साखळी लावणाऱ्या मुलीकडे कोणतंच पद नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच ओढ्यावर गेलो. ती पदवी घेऊन गेली होती. आदल्या वर्षी पाठ दुखते म्हणून शिवायला बसलेला मुलगा पहिल्या वर्षाच्या चौघांना गोणीचं तोंड शिवायला शिकवत होता. "सुतळी दुहेरी घे," तो सांगत होता, "पाण्याच्या जोराने एकेरी उसवते. आणि तुला वाकायला जमत नसेल तर तसं सांग, दुसरं काम बघू."