वसईचा कोट आणि इ. स. १७३९ चा वेढा

वसईचा कोट म्हणजे केवळ लष्करी ठाणें नव्हे. तें तटानें वेढलेलें एक शहर होतें. गुजराथच्या बहादूरशहानें डिसेंबर १५३४ च्या तहानें हा मुलूख पोर्तुगीजांस दिला व पुढें दोनशें वर्षें त्यांच्या उत्तर प्रांताचें हें मुख्य स्थान राहिलें. वसई रोड स्थानकापासून निघाल्यास एका दिवसांत तट व आंतील देवळांचे अवशेष पाहून होतात.

इ. स. १७३९ च्या वेढ्याविषयीं एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. कोट हातीं येईना तेव्हां, आपलें मस्तक तरी तोफेनें आंत पोहोंचवा, असे निर्वाणीचे शब्द चिमाजी आप्पांनीं काढले आणि त्या आवेशांत कोट पडला, असें सांगतात. स्थळ पाहिल्यावर मात्र निराळा विचार सुचतो. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी व पूर्वेस खाडीलगतची दलदल; मोर्चे लावण्याजोगी कोरडी जमीन काय ती उत्तरेस. मराठ्यांचा मारा रेमेदिओस व संत सेबास्तियन या उत्तरेकडील बुरुजांवर कां झाला, याचा उलगडा येथें उभें राहतांच होतो.

शिवाय ही सिद्धता एका दिवसाची नव्हती. साष्टी व ठाणें १७३७ सालींच घेतलें होतें; १७३९ च्या आरंभीं केळवें-माहीम व तारापूर घेऊन वसई एकटी पाडली. फेब्रुवारीपासून मोर्चे पुढें सरकवीत नेऊन तटाखालीं सुरुंग खणले. मे महिन्यांत ते उडाले, सेबास्तियनच्या बाजूस खिंडार पडलें, तेव्हां आंतील लोकांनीं तह मागितला. त्या तहानें शिबंदीस हत्यारांसह मानानें बाहेर पडूं दिलें व मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक ठेविली. केवळ आवेशाच्या भरांत जिंकणाऱ्यांचे हे तह नव्हेत.

आवेश नव्हता असें आमचें म्हणणें नाहीं. पण आख्यायिका विजयाचें श्रेय एका क्षणास देते, तट तें दोन वर्षांच्या योजनेस आणि शत्रूच्या माऱ्याखालीं माती उपसणाऱ्या अनामिक सुरुंगवाल्यांस देतो. तटाच्या सांध्यांत आज झाडांचीं मुळें शिरलीं आहेत. कागदपत्रांइतकाच हाहि पुरावा आहे. तो ढासळण्यापूर्वीं उत्तरेकडील तटाचीं मोजमापें व छायाचित्रें अभ्यासकांनीं घेऊन ठेवावीं, अशी आमची विनंती आहे.