मशीन स्लो आहे? डिफ्रॅग मारण्याआधी

दहावी-बारावीचे निकाल लागले की शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडे अशा बाजारगावांतल्या सेवा केंद्रांवर उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी गर्दी होते. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं की मागून कोणीतरी सल्ला देतोच, "डिफ्रॅग मारून घे, मशीन पळेल." हा सल्ला वीस वर्षांपूर्वी अगदी रास्त होता. आज तो देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे. वाचणारं टोक योग्य जागी सरकणार आणि हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबणार. यात दर वेळी साधारण १५ मिलिसेकंद जातात. फाइलचे शंभर तुकडे डिस्कभर पसरले असतील, तर नुसत्या शोधाशोधीत दीड सेकंद गेला. एकाच गटाचे कागद तहसील कचेरीच्या चार कपाटांत ठेवल्यासारखं. डिफ्रॅग ते तुकडे सलग लावतं. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स सुरू झाला तेव्हाची पिढी रंगीत चौकोन सरकताना तासन्‌तास बघत बसायची आणि नंतर मशीन खरंच जरा हलकं वाटायचं.

एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. कुठलाही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो, मग तो शेजारी असो की दूर. तिथे तुकडे जुळवत बसणं म्हणजे फुकटचं लेखन, आणि एसएसडीच्या पेशींवर किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते. यातून दुसऱ्या टोकाचा समज निघाला: एकदा डिफ्रॅग मारलं की एसएसडी गेलीच. तसंही नाही. ५०० जीबीच्या साध्या एसएसडीला कंपन्या सहसा १५० ते ३०० टीबी लेखनाची हमी देतात. एका डिफ्रॅगमध्ये सहसा पाच-पन्नास जीबी जातील. ते वाया जातात, एवढंच. दर आठवड्याला हाताने मारायची सवय मात्र सोडावी.

मग विंडोजमधलं 'ऑप्टिमाइझ' बटण? ते दाबायला हरकत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून ते डिस्कचा प्रकार ओळखून वागतं. हार्ड डिस्क असेल तर डिफ्रॅग करतं. एसएसडी असेल तर मुख्यतः 'ट्रिम' पाठवतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा आता मोकळी समज, असं तिला कळवतं. सिस्टिम रिस्टोर चालू असेल तर विंडोज अधूनमधून एसएसडीवरही थोडं डिफ्रॅग करतं. ते मुद्दाम ठेवलेलं आहे. बाहेरचं 'स्पीड बूस्टर' टाकून त्यात ढवळाढवळ करायची गरज नाही.

"हे सगळं आपोआप होतं, बघायला नको," हेही आपल्याकडे अर्धंच खरं. या देखभालीची ठरलेली वेळ सहसा रात्री दोनची. दुकान बंद करताना मेन स्विच पाडला की ती हुकते. मग दिवसा मशीन रिकामं बसेल तेव्हा काम उरकायचं. निकालाच्या दिवसांत मशीन रिकामं बसणार कधी? लॅपटॉप बॅटरीवर असेल तर कामही थांबतं. म्हणून जुनी हार्ड डिस्क असलेल्यांनी ऑप्टिमाइझच्या खिडकीत शेवटची तारीख बघावी. कित्येक महिने उलटले असतील तर बाजार नसलेल्या दिवशी एकदा चालवावं, पण निदान पंधरा टक्के जागा रिकामी हवी. मध्येच लाइट गेली तर फाइली उडतात ही भीती जुनी. आजची एनटीएफएस पद्धत बदलांची नोंद ठेवून चालते, त्यामुळे सहसा काही बिघडत नाही. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर मात्र डिफ्रॅगला हातही लावू नये. मरणासन्न डिस्कला तासन्‌तास पळवण्यापेक्षा आधी डेटा बाहेर काढावा.

डिफ्रॅगने जागा वाढते, हाही जुना गैरसमज. एक एमबीही वाढत नाही.

खरा दोषी टास्क मॅनेजरमध्ये सापडतो. 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कचा प्रकारही दिसतो. दाखल्याची साइट अडली असेल आणि डिस्क निवांत असेल, तर दोष सर्व्हरचा किंवा नेटचा. तिथे डिफ्रॅग काय करणार? मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम वाढवावी. कल्याण-उल्हासनगरहून आणलेल्या सेकंडहँड मशीनमध्ये हार्ड डिस्क सतत शंभर टक्क्यांवर दिसत असेल, तर डिफ्रॅगने थोडा फरक पडेल, एसएसडी बसवून जमीन-अस्मानाचा.

बदलताना जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर टाकू नका. ट्रिममुळे एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळणं जवळपास अशक्य असतं. म्हणून गिऱ्हाइकांच्या अर्जांची आणि पावत्यांची दुसरी प्रत त्या जुन्या डिस्कवर ठेवता येईल.