निर्धूर चूल बसवावी का?

घरात गॅस असतो, पण टाकी संपली की भरायला पैसे नसतात, मग पुन्हा चूल पेटते. आपल्या कितीतरी घरांत हेच चालते. अशा वेळी धुराड्याची निर्धूर चूल बसवून घ्यावी असे वाटते. पण पैसे घालण्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्या.

लाकूड किंवा गोवऱ्या पुरत्या जळत नाहीत, तेव्हा धुरात अतिशय बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू राहतो. हे कण नाकात अडत नाहीत, ते फुप्फुसात खोलवर जातात. म्हणूनच जन्मात विडी न ओढलेल्या बाईलाही चुलीपुढे बसून जुनाट खोकला आणि धाप लागण्याचा आजार जडतो. मोतीबिंदूचा धोका वाढतो. गरोदर बाईच्या बाळाचे वजन कमी भरू शकते आणि मांडीवरच्या लेकराला न्यूमोनिया होऊ शकतो.

निर्धूर चुलीत जाळ बंदिस्त असतो. पहिल्या भांड्याखालून तो वैलाकडे जातो आणि उरलेला धूर पाइपातून वर निघतो. गरम हवा वर चढते आणि चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढते. ही ओढ टिकली तरच चूल निर्धूर राहते. भांडे तोंडावर घट्ट बसले नाही, जळण ओले असले किंवा पाइपात काजळी साचली, तर धूर घरातच परततो. ओडिशात अशा चुलींचा चार वर्षे अभ्यास झाला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण देखभाल न झाल्याने पुढे तो फायदा उरला नाही.

म्हणून आधी स्वतःला हे चार प्रश्न विचारा.

१. चूल कशासाठी पेटते? फक्त अंघोळीच्या पाण्यासाठी पेटत असेल, तर तिला घराबाहेर आडोशाला न्या. त्यासाठी नवा खर्च लागत नाही.

२. छपरातून पाइप नेता येईल का? तो पत्र्याच्या वर दोन-तीन फूट जायला हवा. छपराला ताडपत्री किंवा लाकूड असेल तर तापलेल्या पाइपाने आग लागू शकते. पीव्हीसीचा पाइप वितळतो, तो लावूच नका. जुना सिमेंटचा पाइप अॅस्बेस्टॉसचा असू शकतो. तो कापताना उडणारी धूळ कर्करोग देते.

३. धूर कुठे जाईल? घरे खेटून आहेत. आपले धुराडे शेजारणीच्या खिडकीसमोर निघाले, तर आपला आजार तिच्या घरी जातो.

४. महिन्याला काजळी कोण काढणार? बाईने एकटीनेच हे का करावे? घरातल्या पुरुषांनी हे काम अंगावर घ्यावे.

चारही उत्तरे पटण्यासारखी असतील तर चूल जरूर बसवा. नसतील तर तेच पैसे गॅसकडे वळवा. उज्ज्वला योजनेत ५ किलोची छोटी टाकीही घेता येते. तिला एका वेळी कमी पैसे लागतात. एजन्सीत जाऊन विचारा. चूल कितीही चांगली असली तरी गॅसइतकी स्वच्छ नसते.

काहीही ठरवा, पण आजपासून एवढे करा. जळण वाळवून, बारीक फोडून वापरा. पेटवायला प्लास्टिक, टायर किंवा रंगवलेले प्लायवुड घालू नका. दार-खिडकी उघडी ठेवा. लहान मुले आणि गरोदर बाई यांना धुरापासून दूर बसवा. थंडीत चूल किंवा शेगडी धगधगती ठेवून दार लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर 'धुराचा खोकला आहे' म्हणून अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबी असू शकतो. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.