ताबा मिळाला, जबाबदारी कुणाची?

गिरगावातली आमची चाळ पाडायला घेतली, तेव्हा आई समोरच्या ओट्यावर बसून रडली होती. नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायला आल्यावर मात्र तीच येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने लिफ्टचे कौतुक सांगू लागली. दुसऱ्या पावसाळ्यात देवघरामागच्या भिंतीला ओल आली. आधी तळहाताएवढा डाग, मग रंगाचे पोपडे, मग बोट लावताच भुसभुशीत होणारा गिलावा. बिल्डरचा माणूस आला, भिंत खरवडली, वर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि ‘नवीन बांधकाम आहे, सुकेल’ म्हणून निघून गेला. तिसऱ्या पावसाळ्यात ओल पुन्हा हजर!

चाळीत गळत नव्हते असे नाही. पण तक्रार कुठे करायची, हे पोराटोरांनाही ठाऊक होते. आधी घरमालक, आणि १९६९च्या कायद्यानंतर दुरुस्ती मंडळ. गिरगावपासून परळ, लालबाग, दादरपर्यंतच्या उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची मंडळाच्या दप्तरी मूळ नोंद १९,६४२ची. मंडळाने लावलेले टेकू वर्षानुवर्षे हलत नसत, हेही खरे; पण दार कुणाचे ठोठवायचे हा प्रश्न नसे. नव्या इमारतीत बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार वॉटरप्रूफिंगवाल्याकडे, आणि तो म्हणतो, ‘वरच्यांनी बाथरूमची लादी फोडली असेल.’

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ताबा मिळाला की आपण हातोडी घेऊन तयारच असतो! २७ सप्टेंबर २०१३ला माझगावात डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण दगावले. ती शंभर वर्षांची चाळ नव्हती, आणि मालक खुद्द महापालिका होती. तळमजल्यावरच्या तोडफोडीवर तेव्हा बोट ठेवले गेले. म्हणून सांगतो, आपण भिंत हलवली की बिल्डरला पळवाट आपणच करून देतो.

घर बांधणाऱ्याला दोषासाठी जबाबदार धरण्याची कल्पना काही आजची नाही. भिंत खचली तर ती बांधणाऱ्याने स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यावी, असे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कोरून ठेवले होते. आपल्याकडे १९६३च्या ‘मोफा’ कायद्यात अशा दोषांसाठी मुदत तीन वर्षांची आहे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची ‘सेवा’ ठरवली, आणि सदोष घराचे गाऱ्हाणे ग्राहक मंचापुढे नेण्याची वाट पक्की झाली. २०१६च्या ‘रेरा’ कायद्याने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या कलम १४नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला वा कारागिरीतला दोष नजरेस आणला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची.

पण भरपाई देणाराच उरला नाही तर? एका इमारतीपुरती उभी केलेली कंपनी काम संपल्यावर रिकामी होते. इथेच विम्याचा प्रश्न येतो. ठेकेदार ‘काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ नावाचा विमा उतरवतात. त्याचा मुख्य रोख काम चालू असतानाच्या अपघातांवर. निकृष्ट काम पुन्हा करून देण्याचा खर्च त्यात सहसा बसत नाही. रेराच्या कलम १६मध्ये बांधकामाच्या विम्याची तरतूद आहे. पण राज्य सरकार अधिसूचना काढून सांगेल तेच विमे बंधनकारक, अशी तिला मेख आहे. किल्ली घेताना आमच्या हाती विम्याचा कागद पडला नाही.

फ्रान्समध्ये १९७८च्या कायद्याने बांधणाऱ्यांवर इमारतीच्या गंभीर दोषांसाठी दहा वर्षांच्या जबाबदारीचा विमा सक्तीचा केला. शिवाय बांधून घेणाऱ्यानेही काम सुरू होण्यापूर्वी वेगळा विमा काढायचा. दोष निघाला की विमा कंपनी आधी दुरुस्तीचे पैसे देते आणि चूक कुणाची ते नंतर वसूल करत बसते. आपल्याकडे नेमके उलटे. आधी भांडण, मग दुरुस्ती; तोवर ओल देवघरातून स्वयंपाकघरात!

पुनर्विकासाच्या इमारतीत आणखी एक पेच आहे. रेराचा भर घर विकत घेणाऱ्यावर आहे. जुन्या भाडेकरूला मोफत मिळालेली खोली त्यात कितपत बसते, यावर वाद झाले आहेत. म्हणजे पाण्याचा पाइप एक, ओल एक, पण भिंतीच्या अलीकडच्याचे आणि पलीकडच्याचे हक्क कदाचित वेगळे. म्हणून परळ-लालबागेत अजून ज्यांच्या चाळी उभ्या आहेत, त्यांना हात जोडून सांगणे आहे : करारात खोलीचे चौरस फूट मोजता, भाड्याचे धनादेश मोजता, तशी दोषदुरुस्तीची पाच वर्षेही स्पष्ट लिहून घ्या.

आम्ही उशिरा शहाणे झालो. सोसायटीने स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलावला, घरोघरच्या ओलीचे आणि तड्यांचे तारखेसह फोटो काढले आणि पाचवे वर्ष सरण्याआधी बिल्डरला एकच सविस्तर पत्र दिले. फोनवरचे ‘बघतो हो’ पुढे कामाला येत नाही. पोच घेतलेले पत्र येते.

अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत चाळीच्या भाडेपावत्या वर्षावर्षांच्या गड्ड्या बांधून ठेवलेल्या होत्या. आम्ही हसायचो. त्या पावत्यांवरच आम्हाला हे घर मिळाले. पत्राची पोच मी त्याच पेटीत ठेवली आहे. भिंत अजून ओलीच आहे. पण मुदतीत सांगितले नाही, असे आता कुणाला म्हणता येणार नाही.