टिकल्यांचे पिस्तूल : चिनी की देशी?

ज्याला परवाना लागत नाही, ज्याची नोंद कुठल्याही पोलीस ठाण्यात नसते, आणि तरीही जे हाती येताच सहा वर्षांचा शूर वीर स्वतःच्या आजीलाही हात वर करायला लावतो, असे एकच पिस्तूल आपल्याकडे आहे. ते म्हणजे टिकल्यांचे पिस्तूल! दिवाळीत मोठ्यांना फराळाची, बायकांना फुलबाज्यांची आणि म्हाताऱ्यांना झोपेची काळजी असते. पोरांना मात्र ह्या पिस्तुलाखेरीज दुसरे काही दिसत नाही.

नांदेड जिल्ह्यातील मन्याडकाठचे कंधार हे तसे शस्त्रांची ओळख असलेले गाव. राष्ट्रकूटांच्या काळापासून त्याचे नाव इतिहासात आहे, आणि भोवती पाण्याचा खंदक असलेला तेथील किल्ला आजही पाहण्यासारखा आहे. अशा किल्ल्याच्या सावलीत वाढणाऱ्या पोरांना लढाईचे वेड लागले तर नवल ते काय! दिवाळीच्या आठवड्यात बाजारात, आणि पुढे मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की तेथील पालांत, खेळण्यांच्या ढिगात पिस्तुले असतातच. आणि प्रत्येक दुकानापुढे थोड्याफार फरकाने हाच संवाद ऐकू येतो :

“बाबा, मला हेच पायजे!”

“मालक, एवढं महाग? ते पलीकडचं तर निम्म्यात देऊ लागलाय.”

“मामा, ते चिनी हाय. हे आपलं देशी. टिकंल!”

बाप डोके खाजवतो, पोरगा पाय आपटतो, आणि शेवटी बहुधा स्वस्ताचीच सरशी होते. मग घरी जाताना बापाच्या मनात एकच शंका घोळत राहते, निम्म्या किमतीचे परदेशी पिस्तूल महागड्या देशी पिस्तुलाच्या बरोबरीला उतरेल काय? शंका लहान दिसते खरी; पण तिच्या पोटात दंतवैद्य, महायुद्ध, जकात आणि पोरांचे डोळे-कान एवढे सगळे दडलेले आहे.

एका टिकलीची करामत

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. लाल कागदाच्या दोन पट्ट्यांमध्ये ठराविक अंतरावर स्फोटक मिश्रणाचे मोहरीएवढे ठिपके चिकटवलेले असतात. पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस ही त्यातली मुख्य जोडी. ही दोघे एकत्र आली की इतकी तापट होतात की नुसत्या ठोक्यानेही भडका उडतो. काडी लावण्याचीसुद्धा गरज नाही. चाप ओढला की दातेरी चक्र पट्टी एक घर पुढे सरकवते, घोडा मागे जातो, आणि स्प्रिंगच्या जोरावर खालच्या ऐरणीवर आदळतो. मध्ये सापडलेली टिकली फट्‌कन उडते.

म्हणजे साऱ्या पिस्तुलाचा जीव तीन गोष्टींत आहे : स्प्रिंगचा जोर, घोडा नि ऐरण ह्यांचा नेमका मेळ, आणि पट्टी बरोबर एका टिकलीइतकीच सरकवणारे चक्र. ह्यातले एक जरी बिघडले तरी वीर ‘फट्’ असे तोंडानेच म्हणू लागतो.

ही कागदी पट्टीची कल्पना मुळात खेळण्यासाठी निघालेली नव्हती. एडवर्ड मेनार्ड नावाच्या एका अमेरिकन दंतवैद्याने १८४५ साली खऱ्या बंदुकीसाठी तिचे पेटंट घेतले. बार पेटवणारी टोपी दर वेळी हाताने बसवण्याऐवजी कागदाच्या गुंडाळीतून ती आपोआप पुढे यावी, अशी ही युक्ती. अमेरिकन सैन्याने १८५५च्या बंदुकीत ती वापरलीही. पण कागदाला ओल लागली की बार फुसके निघत, म्हणून १८६१च्या नमुन्यात ती काढून टाकली. पुढे यादवी युद्ध संपल्यावर तिकडे टोप्यांची खेळण्यातली पिस्तुले निघाली, आणि सैन्याने टाकून दिलेली गुंडाळी पोरांनी उचलली. दमट हवेत टिकल्या का वाजत नाहीत, ह्याचे उत्तर एका परदेशी सैन्याला आपल्या पोरांच्याही आधी मिळाले होते!

पिस्तूल कुणाचेही, बार शिवकाशीचा

आता एक मौजेची गोष्ट. पिस्तूल चीनचे असो वा दिल्लीचे, त्यात भरायची टिकली बहुतेक वेळा तामिळनाडूतल्या शिवकाशीची असते. परदेशी फटाके आणायला सरकारी परवाना लागतो आणि तो दिला जात नाही. १९२२च्या सुमारास षण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे दोघे त्या कोरडवाहू गावातून कलकत्त्याला गेले, काडेपेट्या करण्याची विद्या शिकून परतले, आणि त्यांनी गावाचे नशीब पालटले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी दारूकाम येणे बंद झाले तेव्हा काडेपेट्यांच्या जोडीला फटाकेही आले. पाऊस कमी म्हणून ज्या गावात शेती पिकत नव्हती, त्याच कोरड्या हवेवर हा धंदा पोसला.

ह्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की, पिस्तुलाचे चक्र आणि टिकलीची पट्टी ह्यांचे माप जुळले पाहिजे. येथल्या पट्टीचा हिशेब धरून बनवलेले देशी पिस्तूल टिकली बरोबर घोड्याखाली आणते. परक्या मापाच्या पिस्तुलात पट्टी अडते, फाटते किंवा दोन टिकल्यांच्या मधोमध घोडा पडतो. आठ बारांची प्लॅस्टिकची गोल चकती लागणारी पिस्तुले आहेत. त्यांच्यात हा घोळ कमी, पण चकती गुंडाळीपेक्षा लवकर संपते आणि खर्च वाढतो. तेव्हा पिस्तूल घेताना त्याला कोणती टिकली लागते आणि ती आपल्या गावात मिळते का, हे आधी विचारावे. खेळणे स्वस्त पडले आणि दाणागोटा महाग पडला, असे व्हायला नको.

स्वस्ताईचे गुपित

परदेशातून स्वस्त खेळणी येण्याची ही पहिली वेळ नाही. १९३०च्या दशकात जपानी खेळण्यांनी आपले बाजार भरले होते, आणि ‘जपानी माल’ म्हणजे दिसायला छान नि टिकायला कच्चा, असा वाक्‌प्रचारच पडून गेला होता. त्याच जपानच्या मालासाठी पुढे लोक दुप्पट पैसे मोजू लागले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माल कोणत्या देशाचा ह्यावरून त्याचा कस कायमचा ठरत नाही.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि पत्र्याची देशी पिस्तुले पोरांच्या हाती आली. पत्र्याच्या कडा बोचत, रंग उडे. पण स्प्रिंग तुटली तर गल्लीतला सायकलवाला ती बसवून देई. मग १ एप्रिल २००१ रोजी आयातीच्या संख्येवरची उरलीसुरली बंधने उठली आणि चिनी खेळण्यांचा लोंढा सुरू झाला.

चिनी माल इतका स्वस्त कसा? त्यात जादू नाही. प्लॅस्टिकच्या वस्तूत खरा खर्च पोलादी साच्याचा असतो. समजा, साच्याला पाच लाख रुपये पडले. दहा हजार पिस्तुले काढली तर प्रत्येकावर पन्नास रुपये साच्याचेच बसतात. दहा लाख काढली तर फक्त आठ आणे! चीनच्या शांतौ शहरातील छंगहाय हा अख्खा भाग खेळण्यांवर जगतो. साचा, स्प्रिंग, रंग, खोका, सारे हाकेच्या अंतरावर, आणि गिऱ्हाईक सगळे जग. आपल्याकडच्या लहान कारखानदाराला हा पल्ला गाठणे अवघड. म्हणून त्याचे पिस्तूल महाग पडते. त्यात सगळा भाग गुणवत्तेचाच असतो असे मुळीच नाही. काही भाग निव्वळ लहान धंद्याचा भुर्दंड असतो. ‘महाग म्हणजे चांगले’ अशी समजूत करून घेणाऱ्याने हे विसरू नये.

पण स्वस्ताईची दुसरीही एक वाट आहे, आणि ती वाईट आहे. पातळ प्लॅस्टिक, भंगारातून वितळवलेला कच्चा माल, शिशाचा अंश असलेला रंग, प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी घातलेली घातक द्रव्ये. ही काटकसर दुकानात दिसत नाही. पोरगे नळी तोंडात घालते, तेव्हा ती पोटात जाते.

कायद्याचा बडगा

सरकारने ह्याची दखल घेतली ती टप्प्याटप्प्याने. २३ जानेवारी २००९ रोजी चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी आली; पण मार्चमध्येच ती सैल होऊन, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र असलेला माल येऊ लागला. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून १२१ खेळणी घेऊन तपासली, तेव्हा आयात खेळण्यांपैकी शेकडा ६७च्या आसपास नापास झाली. म्हणजे तिनांतली दोन!

त्यानंतर चक्रे वेगाने फिरली. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात जकात शेकडा २० वरून एकदम ६० झाली, आणि २०२३ मध्ये ७०. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. हे चिन्ह परदेशी कारखान्यालाही मिळू शकते. पण त्यासाठी आधी कारखान्याची तपासणी व्हावी लागते. परिणाम सरकारी आकड्यांतच दिसतो : २०१८-१९ मध्ये सुमारे २९६० कोटी रुपयांची खेळणी परदेशांतून आली होती, २०२१-२२ मध्ये ती ८७८ कोटींवर उतरली.

येथेच आपल्या बापाच्या शंकेला नवे वळण मिळते. शंभर रुपयांचे परदेशी पिस्तूल बंदरात उतरले की २०२३च्या दराने नुसती जकातच सत्तर रुपये. त्यावर इतर कर, तपासणीचा खर्च, नांदेडपर्यंतचे भाडे, आणि तीन-चार व्यापाऱ्यांचा नफा. एवढे सगळे भरून ते कंधारच्या दुकानी निम्म्या किमतीत कसे मिळेल? मिळत असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे. एक तर जकात चुकली, किंवा तपासणी चुकली, किंवा दोन्ही. आणि कधी कधी तर ते चिनी नसतेच. एखाद्या नाव-गाव नसलेल्या देशी कारखान्यात परदेशी सुटे भाग जोडून ते बनवलेले असते. तेव्हा ‘देशी’ हा शब्दही डोळे मिटून घ्यावा असा राहिलेला नाही.

दुकानात उभे राहून करायची परीक्षा

वाचक म्हणतील, हे सारे ठीक, पण घ्यायचे कोणते? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढील गोष्टी पाहाव्यात.

खोक्यावर आय.एस.आय. चिन्ह, त्याखाली परवान्याचा क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि मुलाचे वय छापले आहे का, हे पहिले. नुसत्या चिन्हावर भागू नये. चिन्ह कुणीही छापतो, क्रमांक मात्र पडताळता येतो.

दुसरे म्हणजे चाप रिकामाच दहा वेळा ओढावा. दर वेळी घोडा त्याच जोराने नि त्याच जागी पडला पाहिजे. पट्टी घालून चक्र अडते का ते पाहावे. जोडावरून बोट फिरवावे. कड बोचली तर ते पिस्तूल परत ठेवावे. वास घ्यावा, उग्र दर्प आला तर तेही परत ठेवावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पिस्तुलातून काही बाहेर उडता कामा नये. टिकली फक्त वाजते. पण प्लॅस्टिकच्या टणक गोळ्या उडवणारी पिस्तुलेही त्याच ढिगात असतात. ती देशी असोत वा परदेशी, स्वस्त असोत वा महाग, लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. एका गोळीने डोळा जातो, आणि तो कुठल्याच बाजारात विकत मिळत नाही.

घरी आणल्यावरही थोडी निगा हवी. टिकली उडाल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. ते मिठाचेच भावंड. हवेतली ओल ओढून ते लोखंडाला गंजवते. म्हणून रात्री धातूचा घोडा नि ऐरण ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, तेलाचा थेंब द्यावा. पुढच्या दिवाळीला धाकट्याच्या कामी येईल. टिकल्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात, पण पोरांच्या खिशात नाही. खिशातला घर्षणाचा भडका मांडी भाजतो. आणि कानाजवळ धरून उडवायला सक्त मनाई असावी, मग समोर आजी असली तरी!

निकाल

आता निकाल. स्वस्त परदेशी पिस्तूल दिसण्यात देशीची बरोबरी करते, कधी सरसही ठरते. पहिल्या दिवशीच्या आवाजातही करते. चांगल्या चिनी कारखान्याला चांगले पिस्तूल बनवता येत नाही असे म्हणणे हा तर निव्वळ अभिमान झाला. जपानी मालाने तो धडा आपल्याला एकदा दिलेला आहे. परंतु आजच्या जकातीत आणि आजच्या कायद्यात स्वस्त मिळते ते चिनी पिस्तूल चांगले असल्याची खात्री नाही, आणि चांगले असते ते स्वस्त राहिलेले नाही. बापाच्या शंकेचे उत्तर हे एवढेच.

महाग देशी पिस्तूल घ्यावे ते देशभक्तीसाठी नव्हे. त्यावर एक नाव असते, एक पत्ता असतो, आणि उद्या स्प्रिंग तुटली किंवा पोराच्या हाताला कड लागली तर जाब विचारायला एक माणूस असतो, म्हणून ते घ्यावे. जास्तीचे चाळीस-पन्नास रुपये त्या जबाबदारीचे. ती जबाबदारी घेत नसेल, तर देशीलाही ते पैसे देण्याचे कारण नाही.