लक्ष्मीच्या घरची सरस्वती

२२ सप्टेंबर १९५५ च्या रात्री लंडनमधील चित्रवाणीच्या पडद्यावर टूथपेस्टची एक जाहिरात झळकली आणि बीबीसीची मक्तेदारी संपुष्टात आली. त्याच रात्री बीबीसीच्या नभोवाणीवरील ‘द आर्चर्स’ या लोकप्रिय मालिकेतील ग्रेस आर्चर आगीत सापडून मरण पावली आणि नव्या प्रतिस्पर्ध्याच्या बारशाऐवजी लोक तिच्याच मृत्यूची चर्चा करीत बसले!

त्याआधी तीनच वर्षे बीबीसीचे आद्य महासंचालक लॉर्ड रीथ यांनी उमरावांच्या सभागृहात प्रायोजित प्रक्षेपणाची तुलना देवी आणि प्लेगच्या साथीशी केली होती. ही भीती निराधार होती काय? तसे म्हणता येणार नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा तर जगाचाच न्याय. अमेरिकेत साबणाचे कारखानदार मालिकांचे यजमान होऊन बसले होते. ब्रिटनने १९५४ च्या कायद्याने पोळी आणि टाळी यांची फारकत केली. जाहिरातदाराने वेळ विकत घ्यावा, कार्यक्रमात ढवळाढवळ करू नये. प्रक्षेपण केंद्रे सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीची राहिली आणि कंपन्यांना प्रदेशवार, मुदतीचे परवाने मिळाले.

प्रारंभी खणखणाट झाला तो पैशाचाच. परवाना म्हणजे नोटा छापण्याचाच परवाना, असे स्कॉटलंडमधील कंपनीचे मालक रॉय थॉमसन म्हणून गेले. १९६२ मध्ये पिल्किंग्टन समितीने या वाहिनीच्या उथळपणावर कोरडे ओढले आणि नियंत्रण कडक झाले. त्यानंतरच्या पाव शतकातील पीक मात्र थक्क करणारे आहे. मँचेस्टरच्या ग्रॅनडा कंपनीने १९६० मध्ये सुरू केलेली, कामगारवस्तीतील एका गल्लीची कथा सांगणारी ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ साठ वर्षे उलटूनही संपलेली नाही. १९६७ पासून रात्री दहाच्या बातम्यांना अर्ध्या तासाचा ऐसपैस अवकाश मिळाला. थेम्स कंपनीने १९७३-७४ मध्ये दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास २६ भागांत उभा केला. पॉल स्कॉट यांच्या कादंबऱ्यांवरून ग्रॅनडाने १९८४ मध्ये ‘द ज्युएल इन द क्राउन’ सादर केली. तिचे चित्रण भारतातही झाले आणि राज्यकर्त्यांच्या वंशाहंकाराची झाडाझडती इंग्रजांनी आपल्या दिवाणखान्यात बसून पाहिली. १९८२ मध्ये आलेल्या ‘चॅनेल फोर’वर तर उपेक्षित अभिरुचीची सेवा करण्याची जबाबदारी कायद्यानेच टाकली, तिचा खर्च भागविला तो याच व्यापारी कंपन्यांनी.

या स्वातंत्र्याची खरी कसोटी १९८८ मध्ये लागली. जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश सैनिकांनी तीन आयरिश बंडखोरांना गोळ्या घातल्या. त्याविषयीचा थेम्सचा माहितीपट रोखण्याची खटपट सरकारने केली. प्राधिकरण बधले नाही. पुढे १९९० च्या कायद्याने परवान्यांचा लिलाव आला आणि अधिक बोली बोलणाऱ्या कार्लटन कंपनीपुढे थेम्सने परवाना गमावला. तो सूड होता की नव्हता, हा वाद बाजूला ठेवू. कामगिरीचा मान बोलीला मिळाला, एवढे निश्चित. प्रादेशिक कंपन्या एकमेकींना गिळत गेल्या आणि २००४ मध्ये ग्रॅनडा आणि कार्लटन एक झाल्या.

तरीही जुने संस्कार पुरते पुसले गेले नाहीत. सदोष संगणकप्रणालीमुळे अफरातफरीचा खोटा ठपका बसलेल्या शेकडो टपालचालकांची कहाणी वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत येत होती. न्यायालयानेही २०१९ मध्ये त्या प्रणालीतील दोष मान्य केले होते. परंतु जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीने चार भागांची नाट्यमालिका दाखविली तेव्हा देश हलला आणि काही महिन्यांतच त्या शिक्षा रद्द करणारा कायदा संमत झाला. या मालिकेत कंपनीला तोटा झाला, हे तिच्याच अधिकाऱ्याने सांगितले.

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी नांदत नाहीत, असे आपण म्हणतो. ब्रिटनमध्ये त्या बराच काळ नांदल्या, कारण दोघींच्या खोल्यांमध्ये कायद्याने भिंत बांधली होती. ती भिंत राखणारा निर्भय हवा. तो निघून गेला की घर कोणाचे होते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.